ओसरीवरून : आहारशास्त्राची उच्च परीक्षा कोणीं द्यावी?

आमच्या घरीं ओसरी आतां नांवापुरतीच उरली आहे. वाडा पाडून त्या जागीं इमारत उठली, त्यास बरींच वर्षें झालीं. परंतु आम्ही तिघे बंधू एकाच मजल्यावर राहतों, चूल एकच आहे, आणि रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर दिवाणखान्यांत जी बैठक जमते तिला मातोश्री अजूनहि ओसरीच म्हणतात. घरांतील लहानमोठे सर्व प्रश्न ह्या ओसरीवर निघतात, आणि पुष्कळदां तेथेंच मिटतात. गेल्या महिन्यांत निघालेला एक प्रश्न मात्र एका बैठकींत मिटला नाहीं. परीक्षांचे निकाल लागण्याच्या ह्या दिवसांत तो आणखीहि पुष्कळ घरांतून निघत असावा, असें वाटल्यावरून त्याची हकीकत वाचकांपुढें मांडीत आहें.

धाकट्या बंधूंची कन्या यंदा रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाली. गुण चांगले पडले. पुढें काय, ह्याविषयीं प्रत्येकाच्या मनांत आपापलें उत्तर तयार होतें. तिच्या वडिलांस वाटे, तिनें औषधांच्या कारखान्यांत शिरावें. तिच्या आईस वाटे, बी. एड्. होऊन शिक्षिका व्हावें. नव्वदी गांठलेल्या मातोश्रींच्या मनांत दोन स्थळें होतीं. त्या रात्रीं मुलीनें शांतपणें सांगितलें, "मला आहार व पोषण हा विषय घेऊन एम. एस्सी. करावयाची आहे. अर्ज भरला आहे. प्रवेश मिळाला तर दोन वर्षें लागतील."

क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग मातोश्री म्हणाल्या, "वरणभात शिकावयास दोन वर्षें? मी तुला तो दोन महिन्यांत शिकवीन, आणि फी घेणार नाहीं." सर्व हंसले. धाकटे बंधू मात्र हंसले नाहींत. ते म्हणाले, "रसायनशास्त्रांत इतके गुण मिळवून शेवटीं स्वयंपाकघरांतच परतावयाचें, तर प्रयोगशाळेंत वर्षें कशाला घालविलीं?" मुलीची आई तिची बाजू घेऊन म्हणाली, "मुलींना बरें असतें तें. लग्न झाल्यावर घरीं बसूनहि कांहीं करतां येतें." बारावींत असलेला दादांचा नातू ओरडला, "आत्या, म्हणजे आतां रोज दुधी भोपळा!"

मुलगी कोणावरहि रागावली नाहीं. ती इतकेंच म्हणाली, "दोन वर्षांपूर्वींचा तो सोमवार तुम्ही सारे विसरलांत काय?"

हंसणें थांबलें. दादांनीं मान खालीं घातली.

तो सोमवार वाचकांस सांगितलाच पाहिजे. दादा म्हणजे आमचे वडील बंधू. वीस वर्षांच्या मधुमेहानें त्यांचीं मूत्रपिंडें अधू झालीं आहेत. त्या वर्षीं उन्हाळ्यांत त्यांस फार थकवा येऊं लागला, आणि घरांतील प्रत्येकानें आपापल्या परीनें त्यांची काळजी घेण्यास आरंभ केला. मी सकाळीं फिरून येतांना रोज दोन शहाळीं आणीत असें. वहिनी दुपारीं टोमॅटोचें सार करीत. संध्याकाळीं कोणी तरी मोसंबीचा रस काढून देई. रक्तदाबास मीठ वाईट, असें ऐकून धाकट्या बंधूंनीं बाजारांतून कमी सोडियमचें मीठ आणलें. दादा सर्व कांहीं निमूटपणें घेत, कारण न घेणें म्हणजे कोणाचें तरी मन मोडणें.

एका सोमवारीं पहांटे त्यांचे हातपाय लुळे पडल्यासारखे झाले व नाडी चुकूं लागली. रुग्णालयांत नेल्यावर रक्त तपासलें. त्यांतील पोटॅशियमचें प्रमाण इतकें चढलें होतें कीं, आणखी थोडा उशीर होता तर हृदय थांबलें असतें, असें डॉक्टरांनीं मागाहून सांगितलें. डॉक्टरांनीं शर्थ केली आणि दादा वांचले.

तिसऱ्या दिवशीं पंचविशीच्या आंतबाहेरची एक मुलगी हातांत वही घेऊन खोलींत आली. मी तिला रुग्णालयाच्या खानावळीवर देखरेख करणारी समजलों, आणि म्हणालों, "जेवण वेळेवर येतें, आमची तक्रार नाहीं." तिनें हंसून खुर्ची ओढली आणि अर्धा तास आमची उलटतपासणी घेतली. दादा काय खातात, हा तिचा पहिला प्रश्न नव्हताच. घरीं बाजार कोण करतो, स्वयंपाक कोण करतें, ताटांत वाढतें कोण, आणि दोन जेवणांच्या मध्यें कोण काय आणून देतें, हे तिचे प्रश्न होते. शहाळ्यांची गोष्ट मी कांहींशा अभिमानानेंच सांगितली. तिनें लिहितां लिहितां हात थांबविला.

"शहाळ्यानें कधीं कोणास बाधलें आहे काय?" मातोश्रींनीं विचारलें.

"आजी, तुम्हांला बाधणार नाहीं, मलाहि नाहीं," ती म्हणाली. "आपलीं मूत्रपिंडें नको असलेलें पोटॅशियम बाहेर टाकतात. ह्यांचीं टाकूं शकत नाहींत."

मग तिनें एकेक धागा उलगडून दाखविला. शहाळ्याचें पाणी, मोसंबी, टोमॅटो, ह्या सर्वांत पोटॅशियम भरपूर असतें. कमी सोडियमच्या मिठांत तर सोडियमच्या जागीं पोटॅशियमचाच क्षार घातलेला असतो. म्हणजे आम्हीं चौघांनीं, चार बाजूंनीं, केवळ मायेपोटीं, त्या अधू मूत्रपिंडांवर एकच ओझें चढवीत नेलें होतें! पुढें तिनें सांगितलें कीं, दादांची भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यांत उकडावी व तें पाणी टाकून द्यावें. वहिनी चपापल्या. भाजीचें पाणी टाकूं नये, त्यांत सत्त्व असतें, हा आमच्या घरचा तीन पिढ्यांचा नियम. ती मुलगी म्हणाली, "तुमचा नियम खराच आहे. पण तो निरोगी माणसाचा नियम आहे."

जातांना तिनें एक कागद लिहून दिला. त्यांत एकहि परका पदार्थ नव्हता. भात किती वाट्या, डाळ किती घट्ट, कोणती भाजी कशी करावयाची, कोणतें फळ किती आणि कधीं, हें सारें आमच्याच चुलीच्या भाषेंत होतें. निघतां निघतां वहिनींच्या फिकट नखांकडे पाहून ती म्हणाली, "ह्यांचेंहि रक्त एकदां तपासून घ्या." तपासलें तर रक्तांतील लोह फारच उतरलेलें. इतक्या माणसांना वाढून झाल्यावर उरेल तें खावें आणि वर कपभर चहा घ्यावा, हा त्यांचा चाळीस वर्षांचा क्रम. जेवणाला लागून घेतलेला चहा अन्नांतील लोह अंगीं लागूं देत नाहीं, हें त्या दिवशीं आम्हांस प्रथम कळलें.

(ही आमच्या दादांची हकीकत आहे. कोणाही वाचकानें तिच्यावरून आपल्या घरच्या रुग्णाचें ताट ठरवूं नये. एका रोग्याचें पथ्य दुसऱ्यास अपाय करतें, हाच तर तिचा बोध आहे.)

त्या खोलींत कोपऱ्यांतल्या बाकावर आमची ही मुलगी बसली होती. त्या दिवशीं तिनें काय पाहिलें, हें आम्हांस कळावयास दोन वर्षें लागलीं.

ओसरीवरील त्या रात्रीनंतर मी थोडी चौकशी केली, कारण ह्या शिक्षणाविषयीं माझी समजूत मातोश्रींच्या समजुतीहून फारशी निराळी नव्हती. हा अभ्यासक्रम साधारणतः दोन वर्षांचा, चार सत्रांत विभागलेला असतो. त्यांत जीवरसायनशास्त्र व शरीरक्रियाशास्त्र हे पायाचे विषय. खाल्लेला घास शरीरांत कोठें जातो, कोणत्या रूपानें पेशींपर्यंत पोंचतो, आणि यकृत किंवा मूत्रपिंड बिघडलें असतां त्याचें काय होतें, हें त्यांत शिकावयाचें. त्यांच्या जोडीस अन्नांतील सूक्ष्म जंतूंचें शास्त्र, संख्याशास्त्र, संशोधनाची रीत आणि सार्वजनिक पोषण. रोग्याच्या आहाराचा विषय तर औषधशास्त्राच्या अगदीं शेजारचा आहे. शेवटीं रुग्णालयांत किंवा समाजांत उमेदवारी आणि स्वतःचा प्रबंध. स्वयंपाक ह्यांत येतो, परंतु औषधें बनविणाऱ्याच्या अभ्यासांत खल यावा तितकाच.

एकच उदाहरण देतों. पुष्कळ दिवस उपाशी राहिलेला माणूस पुढ्यांत आला, तर आपण काय करूं? पोटभर जेवूं घालूं. परंतु अशा माणसास एकदम भरपूर अन्न दिलें, तर त्याच्या रक्तांतील फॉस्फेट व पोटॅशियम झपाट्यानें उतरतें, आणि त्यांतच त्याचा प्राण जाऊं शकतो. त्याला पहिल्या दिवशीं किती, दुसऱ्या दिवशीं किती, आणि कोणता क्षार कधीं, ह्याचें गणित मांडावें लागतें. अन्नदान हें पुण्य खरेंच, पण येथें पुण्याला गणिताची जोड नसेल तर माणूस दगावतो.

मग मातोश्रींच्या अनुभवाची किंमत कांहींच नाहीं काय? आहे, आणि फार मोठी आहे. आमचें आजोळ कोंकणांतलें. तेथें सकाळीं उकड्या तांदळाची पेज असे. इकडे १९१८ सालीं निलगिरीवरील कुन्नूर येथें रॉबर्ट मॅकॅरिसन ह्या डॉक्टरांनीं बेरीबेरी रोगाच्या शोधासाठीं एका खोलींत प्रयोगशाळा थाटली. हा रोग पांढराशुभ्र सडलेला तांदूळ हेंच ज्यांचें मुख्य अन्न, त्यांस होई, कारण कोंड्याबरोबर थायमिन हें जीवनसत्त्व निघून जातें. भात आधीं उकडून मग सडला, म्हणजे त्या सत्त्वाचा बराच भाग दाण्याच्या आंत मुरतो व तेथेंच राहतो. आजीला थायमिन ठाऊक नव्हतें, पण तिची पेज बरोबर होती. शास्त्रानें तिला खोटें पाडलें नाहीं. तिचें बरोबर कां, हें सांगितलें, आणि तें कोठवर बरोबर, हेंहि सांगितलें. ही 'कोठवर'ची रेघ अनुभवाला ओढतां येत नाहीं, कारण अनुभव आपल्या घरापुरता असतो.

कुन्नूरची ती एक खोली वाढत वाढत पोषण-संशोधनाची मोठी प्रयोगशाळा झाली. ती १९५८ सालीं हैदराबादेस गेली, आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था ह्या नांवानें ओळखली जाते. ह्या देशांतील ५२८ खाद्य वस्तूंचे घटक तपासून सिद्ध केलेलीं कोष्टकें तिनें २०१७ सालीं प्रसिद्ध केलीं. आपल्या नाचणींत काय आहे, हें सांगावयास आतां परदेशी पुस्तकाची गरज नाहीं. तेथेंहि पोषणशास्त्राची एम. एस्सी. शिकवितात.

आतां दुसरा प्रश्न. हें शास्त्र इतकें कठीण, तर तें शिकणाऱ्यांत बहुतेक मुलीच कां? ह्याचें कारण तें कोणत्या दारानें आपल्याकडे आलें, ह्यांत आहे. १९१६ सालीं धोंडो केशव कर्वे ह्यांनीं महिला विद्यापीठ काढलें, तेव्हां स्त्रियांच्या शिक्षणांत आरोग्य व गृहजीवन ह्या विषयांस मानाचें स्थान दिलें. दिल्लीचें लेडी आयर्विन महाविद्यालय १९३२ चें. १९४९ सालीं बडोद्यास महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालें, आणि पहिल्या कुलगुरु हंसाबाई मेहता ह्यांनीं तेथें गृहविज्ञानाची स्वतंत्र शाखा उभी केली. मुंबईंत निर्मला निकेतन १९५५ सालीं निघालें. कर्व्यांच्याच विद्यापीठाचें जुहूचें सर विठ्ठलदास ठाकरसी गृहविज्ञान महाविद्यालय त्यानंतरचें. आहारशास्त्र ह्या सर्व ठिकाणीं गृहविज्ञानाच्या छपराखालीं वाढलें.

ह्या योजनेचा उपकार विसरूं नये. मुलीला रसायनाच्या प्रयोगशाळेंत धाडण्यास जे वडील कचरत, तेच तिला 'घरच्या उपयोगाचें' म्हणून गृहविज्ञान शिकूं देत. आणि त्या निमित्तानें ती रसायनहि शिके, जंतुशास्त्रहि शिके. परंतु त्या दाराची चौकट ठेंगणी होती. जगानें ठरवून टाकलें कीं, हें बायकांचें, म्हणून सोपें, आणि सोपें, म्हणून स्वस्त. कुन्नूरच्या प्रयोगशाळेच्या आरंभींच्या संचालकांचीं नांवें पाहावीं, तर मॅकॅरिसन, एक्रॉइड, आपले विनायक नारायण पटवर्धन, पुढें गोपालन, असे सारे पुरुष दिसतात. संशोधनाच्या खुर्चीवर पुरुष आणि शिकावयाच्या बाकावर मुली, अशी ही वांटणी फार दिवस चालली. आतां स्त्रियाहि त्या खुर्चीवर बसल्या आहेत. परंतु बाकांवर मुलगे अजूनहि थोडेच दिसतात.

हंसाबाईंविषयीं आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जागतिक जाहीरनाम्यांत पहिल्या कलमांत 'सर्व पुरुष' अशा अर्थाचे शब्द येत होते. तेथें 'सर्व मानव' असे शब्द घालावेत, हा आग्रह ह्याच बाईंनीं धरला व तो मान्य झाला. त्यांनीं गृहविज्ञान चालू केलें तें मुलींना चुलीशीं बांधावयास, असें कोण म्हणूं शकेल?

आणि आपल्याच घरांतील म्हणावें असें उदाहरण हवें असेल, तर कमलाबाई सोहोनी ह्यांचें आहे. माहेरच्या त्या भागवत, विदुषी दुर्गाबाई भागवत ह्यांच्या धाकट्या भगिनी. मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. अग्रक्रमानें उत्तीर्ण होऊन १९३३ सालीं त्यांनीं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. संचालक चंद्रशेखर व्यंकट रामन् ह्यांनीं, स्त्री आहे एवढ्याच कारणानें, तो नाकारला. कमलाबाई मागें सरल्या नाहींत. समक्ष जाऊन त्यांनीं आग्रह धरला, तेव्हां एक वर्ष पारखून पाहण्याच्या अटीवर त्यांस घेण्यांत आलें. त्यांनीं काम कशावर केलें? दूध, डाळी व कडधान्यें ह्यांतील प्रथिनांवर. म्हणजे ज्या वस्तु आपल्या ओट्यावर रोज असतात, त्यांवरच! १९३९ सालीं केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून त्या परत आल्या. दिल्लीस जीवरसायनशास्त्र शिकविलें, कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेंत साहाय्यक संचालक झाल्या, आणि पुढें मुंबईच्या विज्ञान संस्थेंत अध्यापन करून तिच्या संचालकपदापर्यंत चढल्या. नीरेंतील पोषक द्रव्यांवरील त्यांच्या संशोधनास राष्ट्रपतींचें पारितोषिक मिळालें. १९९८ सालीं त्या निवर्तल्या. धाकट्या बंधूंस मी ही हकीकत सांगितली आणि विचारलें, "प्रयोगशाळेंतून स्वयंपाकघरांत जाणें ही जर उतरण असेल, तर कमलाबाई जन्मभर उतरतच होत्या काय?" ते कांहीं बोलले नाहींत, पण दुसऱ्या दिवशीं अभ्यासक्रमाचें माहितीपत्रक त्यांच्या चष्म्याखालीं दिसलें.

मग हा अभ्यास कोणीं करावा? माझें मत असें झालें आहे. ज्याला रसायनाचा कंटाळा आहे, आणि सोपें कांहीं तरी हवें म्हणून जो इकडे वळतो, त्यानें वळूं नये. जिला स्वतःचें वजन उतरविण्याची हौस आहे, तिनें तेवढ्यासाठीं दोन वर्षें घालवूं नयेत. लग्न जमेपर्यंत वेळ जावा म्हणून तर मुलीला तेथें मुळींच धाडूं नये, कारण ती जागा दुसऱ्या एखाद्या कळकळीच्या विद्यार्थ्याची असते. ज्याचें डोकें हिशेबाचें आहे, ज्याला दुसऱ्याचें बोलणें मधें न तोडतां ऐकतां येतें, आणि दुसऱ्याच्या ताटाकडे जो तुच्छतेनें पाहत नाहीं, त्यानें जावें. तो मुलगा असो कीं मुलगी असो. भाकरी खाणाऱ्यास भाकरींतच पथ्य सांगतां आलें पाहिजे. उपास करणाऱ्या मधुमेही आजीला, साबुदाणा म्हणजे बहुतेक सारें पिष्टच, हें तिच्या एकादशीचा अपमान न करतां समजावितां आलें पाहिजे.

ह्या विद्येची गरज किती आहे, हें दोन आंकड्यांवरून दिसेल. २०१९ ते २०२१ ह्या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ स्त्रियांना रक्तक्षय आढळला. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्यानें झालेल्या व २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत देशांतील मधुमेह्यांची संख्या सुमारें दहा कोटी धरली आहे. आमच्या एकाच घरांत वहिनी पहिल्या आंकड्यांत आहेत आणि दादा दुसऱ्यांत. दोघांचा अन्नदाता एक, चूल एक.

अडचणीहि सांगितल्या पाहिजेत. आरंभीं वेतन बेताचें असतें. रुग्णालयांत नातेवाइकांस डॉक्टरांचें नांव पाठ असतें, पण आहारतज्ज्ञाचें कोणी विचारीत नाहीं. हल्लीं हातांतल्या दूरध्वनीवर चार चित्रफिती पाहून जो तो आहाराचा उपदेश करूं लागला आहे, त्यामुळें शिकलेल्याचें व न शिकलेल्याचें एकाच मापानें मोजलें जातें. तरी दिवस पालटत आहेत. २०२१ सालच्या कायद्यानें आहारतज्ज्ञ व पोषणतज्ज्ञ ह्यांची गणना आरोग्यसेवेच्या मान्य व्यवसायांत केली असून त्यांच्या नोंदणीची तरतूद केली आहे. अमेरिकेंत नोंदणीकृत आहारतज्ज्ञाच्या परीक्षेस प्रथमच बसणाऱ्यास १ जानेवारी २०२४ पासून एम. ए., एम. एस्सी.च्या तोडीची पदवी आवश्यक झाली आहे. जेथें ही विद्या जुनी आहे तेथेंहि साध्या पदवीवर आतां भागत नाहीं, ही गोष्ट 'दोन वर्षें कशाला?' असें विचारणाऱ्यांनीं लक्षांत घ्यावी.

दुसऱ्या बैठकींत हें सारें मी ओसरीवर मांडलें. मातोश्रींनीं शेवटपर्यंत ऐकून घेतलें. मग त्या नातीला म्हणाल्या, "मला एवढेंच सांग, त्या शहाळ्याचें मला कळावयास हवें होतें कीं नाहीं?"

"तुला कसें कळणार, आजी? कोणालाच आधीं कळत नाहीं. म्हणूनच शिकावयाचें," ती म्हणाली.

मातोश्री बराच वेळ गप्प होत्या. ह्या दोन वर्षांत त्यांनीं ती गोष्ट एकदांहि काढली नव्हती, पण मनांतून ती गेली नव्हती, हें तेव्हां आम्हांस दिसलें. शेवटीं म्हणाल्या, "शीक. आणि तुझ्या त्या स्थळवाल्यांना मी थांबावयास सांगतें."

फीचा प्रश्न निघण्यापूर्वींच दादा म्हणाले, "ती माझ्याकडे. मी कोणाच्या वहीमुळें येथें बसलों आहें, तें मला ठाऊक आहे." वहिनींनीं मात्र एक अट घातली, आणि ती मला सर्वांत शहाणपणाची वाटली. त्या म्हणाल्या, "ही शिकून आली म्हणजे 'आतां तूंच सगळ्यांचें पाहा' म्हणून तिला ओट्याशीं उभी करूं नका. ती सांगेल, करावयाचें तें आपण सर्वांनीं. आणि जेवावयास तिनें सर्वांबरोबर बसावें." ह्यावर धाकट्या बंधूंनीं विचारलें, "आणि वहिनी, तुम्ही?" त्या हंसल्या. दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे पानें एकदमच मांडतात, आणि वाढणें पाळीपाळीनें होतें. माझी पाळी बुधवारीं व शनिवारीं असते.

बैठक उठतां उठतां दादांच्या नातवानें हळूच विचारलें, "आत्या, तेथें मुलांना घेतात काय?"

"हैदराबादेस घेतात," ती म्हणाली. "पण रसायनांत गुण हवेत."

त्या रात्रीं त्याच्या खोलींतला दिवा नेहमींपेक्षां उशिरांपर्यंत जळत होता. तो खेळत होता कीं वाचीत होता, हें मीं जाऊन पाहिलें नाहीं.